कावळ्याला दिलेला शब्द

दिलेल्या शब्दासाठी प्राण देणारी माणसं खानदेशात आजही आहेत. वाल्मीक त्यांच्यातला नव्हता. पण त्याने शब्द दिला होता कावळ्याला, आणि कावळ्यापुढे पळवाट चालत नाही.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, पारोळ्याला, त्याचे वडील जीवरामआबा यांचा दहावा होता. पिंड मांडला. कावळा निंबावर बसून पंख साफ करत राहिला. वाल्मीक म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा ढिम्म. बहिणीला दिवाळीला आणीन. कावळ्याने पाठ फिरवली. बारा वाजले, भटजींनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं, तेव्हा चुलते झुलालनाना ओरडले, "अरे, फोनो नीट करसू म्हन ना!"

"आबा, तुमचा फोनो नीट करीन."

वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर.

फोनो म्हणजे आबांचं भोंग्याचं, चावी भरून तबकड्या वाजवायचं यंत्र. त्याची स्प्रिंग तुटून सहा वर्षं झाली होती. आबा दर भेटीत म्हणत, "स्प्रिंगचं पाह्य रे तेवढं." वाल्मीक दर भेटीत म्हणे, "पाहतो."

आता तो खरंच पाहू लागला. जळगावचे घड्याळवाले झाले, जामनेरचा बाजार झाला, चोपड्याला एका बागायतदाराच्या माळ्यावर तो कोळ्यांची जाळी खाऊन आला. दहा महिने गेले. धुळं तेवढं राहिलं, कारण धुळं रोजचंच. वाल्मीक जळगाव-धुळे गाडीवर कंडक्टर होता.

शेवटी एका दुपारी धुळ्याला गाडी लावून तो चौथ्या गल्लीत गेला. स्टँडपासून दहा मिनिटं. फोनोच्या स्प्रिंगचं नाव काढताच घड्याळवाले हिलालभाऊ चष्म्यावरून पाहत म्हणाले, "पारोळ्याचे? जीवरामआबांचे तुम्ही?" आणि त्यांनी खणातून ग्रीस लावलेल्या फडक्यातली पुरचुंडी काढली. वर चिठ्ठी होती : जीवरामआबा, पारोळा.

"चार वर्षं झाली हो. एका मोडक्या मशीनमधून काढून ठेवली. आबा म्हणाले, आता माझ्यानं येणं होत नाही, पोरगा रोज धुळ्याला असतो, तो नेईल. तुमच्या पत्त्यावर तीन कार्डं टाकली. मिळाली नाहीत का?"

मिळाली होती; वाचली नव्हती. एक अजून घरी, कपाटाच्या हलत्या पायाखाली होतं.

"टपालाचं काही खरं नाही," वाल्मीक म्हणाला. परतीच्या फेरीत त्याने एका म्हातारबाचं तिकीट फाडलंच नाही; नुसतंच त्याच्याकडे पाहत राहून त्याला पारोळ्यापर्यंत आणलं.

वर्षश्राद्धाला गच्चीवर कावळ्याचं पान मांडलं. शेजारी फोनो. वाल्मीकने चावी भरली, नवी सुई लावली, आबांच्या आवडीच्या भजनाची तबकडी ठेवली. भोंगा खरखरला, मग गाऊ लागला. पानाजवळ आलेला कावळा दचकून थेट समोरच्या निंबावर गेला. वाल्मीकला ते दिसलं नाही. तो डोळे मिटून, हात जोडून, सहा वर्षांचं सगळं एकदम सांगत होता; गाल ओले झाले होते.

त्याची आई ताईबाई हळूच त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाली,

"वाल्मीक, बंद कर रे ते जरासं. तुना आबा बिचकी ग्यात. आधी जेवू दे त्यास्ले."