फुग्यातलं वाक्य

आत्याने चित्राकडे बघून नाक मुरडलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रंदिवस राबून मी तिचा लहानपणचा चेहरा भिंतीएवढा रंगवला होता. गुलाबी गाल, पिवळे केस, कॉमिकसारखे ठिपके आणि मागे साबणाच्या जाहिरातीतले बुडबुडे. आत्याच्या लहानपणी सरकारी माणसं आमच्या जमातीची पोरं घरातून उचलून वसतिगृहात कोंडायची. तिथे कोणी आमची बोली बोललं की तोंडात साबण. पाठ्यपुस्तकांत याची एक ओळ सापडायची नाही. म्हणून आत्याच्या तोंडाशी कॉमिकमधला संवादाचा फुगा काढून त्यात मी ठळक लिहिलं होतं, ‘माझी जीभ माझीच!’

“हे कोण म्हणालं?” आत्याने विचारलं.

“तूच की.”

“मी? तोंडात साबण असताना?”

गॅलरीवाला मागेच घुटमळत होता. उद्या प्रदर्शन उघडायचं म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. “आजी, वाक्य दमदार आहे हं. लोकांना भिडेल.”

“तुम्हाला कोणी विचारलं?” आत्या त्याच्यावर खेकसली आणि माझ्याकडे वळली. “अक्कल गहाण टाकलीस का गं? एवढीशी पोर मी, क्रांती करायला निघाले होते? लघवीला लागली होती मला. तेवढंच बाईंना विचारलं, आपल्या बोलीत. दुसरी येतच नव्हती. मग साबण तोंडात धरून उभी राहिले आणि वर्गासमोर फ्रॉक ओला झाला.”

गॅलरीवाल्याने घसा खाकरला. “हे जरा... पाहुण्यांसमोर...”

मी ब्रश उचलला आणि त्या दमदार वाक्यावर पांढरा रंग फासला. आमची बोली मला येत नाही. बाबांनी ती घरात कधी काढलीच नाही, आणि आता बाबाही नाहीत. “सांग, आत्या. म्हणालीस तसंच्या तसं लिहिते.”

आत्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. साबणाचा रंग तिला आठवत होता, बाईंच्या बांगड्यासुद्धा आठवत होत्या.

“थांब गं. आत्ता जिभेवर होतं.”

मला कीव नाही, संताप आला. कोणावर काढावा ते कळेना.

“मी काही सुचवू का?” गॅलरीवाला म्हणाला.

“चालते व्हा!” मी ओरडले, आणि तो गेला.

आत्या स्टुलावर बसली. तिने कपाळावर हात मारून घेतला, डोळे घट्ट मिटले.

“लघवीला जाऊ का, बाई?” ती पुटपुटली. “लघवीला जाऊ का?” पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली, बाईंच्याच भाषेत.