दोन खुणा डावीकडे

माणसाचं चारित्र्य तो कॉफी किती बारीक दळतो यावरून ओळखावं, असं नेव्हिओचं ठाम मत होतं. हे मत त्यानं दुपारच्या पाळीला एडविन आल्यावर बनवलं. त्याआधीची वीस वर्षं तो माणसं बुटांवरून ओळखायचा.

इटलीतल्या त्रिएस्तेच्या बंदरामागे सिन्योरा ओंडिनाचा कॉफीचा बार. दोन वाजेपर्यंत नेव्हिओ, दोननंतर एडविन, आणि दोघांत मिळून चक्की एकच. चक्कीच्या गळ्याशी आकडे कोरलेलं पितळी कडं. डावीकडे फिरवलं की दळण बारीक आणि कॉफी सावकाश उतरणार, उजवीकडे फिरवलं की दळण जाड आणि कॉफी धो धो. नेरो, म्हणजे कपातली साधी काळी कॉफी, पंचवीस सेकंदांत उतरली पाहिजे, एवढ्या एका गोष्टीवर या गावाचं एकमत आहे. बोरा नावाचा कोरडा वारा सुटला की दळण बारीक करायचं, समुद्रावरून दमट हवा आली की जाड. नेव्हिओ रोज सकाळी दारात उभा राहून नाक वर करी, आत येऊन कडं फिरवी आणि घड्याळ लावून कप भरी. कधी अठरा सेकंद निघत, कधी तीस.

कारण उघड होतं. वरच्या पठारावरच्या त्या स्लोव्हेन रेड्यानं, म्हणजे एडविननं, आदल्या दिवशी कड्याशी काहीतरी केलेलं असणार.

मुळात ती चक्की नेव्हिओ स्वतःचीच समजत होता. एडविन यायच्या आदल्याच आठवड्यात त्यानं मेस्त्रीला न बोलावता तिची पाती स्वतःच्या हातानं बदलली होती. त्याच दिवशी काउंटरवर त्याला दाभणाएवढी पोलादी खुंटी सापडली. वाफेच्या नळीची भोकं साफ करायला ती इतकी बेतशीर होती, की तेव्हापासून ती त्याच्या खिशात असे. एडविनला तो तिला हात लावू देत नसे.

एडविनचाही असाच संशय होता, फक्त उलट्या दिशेनं. त्यानं बायकोच्या नेलपॉलिशनं कड्यावर लाल रेघ मारली. नेव्हिओनं ती सुरीनं खरवडली. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, म्हणजे गिऱ्हाइकामार्फत बोलणं सुरू केलं. "याला सांगा, दळण हा डोक्याचा उद्योग आहे, याच्याकडे त्याची सोय नाही," असं नेव्हिओ हातभर अंतरावरून टपाल खात्यातल्या कुणालातरी सांगे, आणि तो बिचारा मान खाली घालून कॉफी पिई. गिऱ्हाइकांतही दोन तट पडले. सकाळच्यांना दुपारची कॉफी जळकी लागे, दुपारच्यांना सकाळची पाणचट. कोणत्याच तटात नसलेली माणसं समोरच्या बारमध्ये जायला लागली.

तेव्हा सिन्योरा ओंडिनानं निकाल काढायचं ठरवलं. एक पाळी तिची भाची सांभाळणार होती, त्यामुळे बारमन एकच लागणार होता. गुरुवारी दोघांनी सगळ्यांसमोर एकेक नेरो काढायची, पंचविसाच्या जवळ जाईल तो राहील. नेव्हिओचं वय एकसष्ट होतं, पेन्शनीला दोन वर्षं कमी. या वयाच्या बारमनला दुसरा बार फक्त गिऱ्हाईक म्हणून आत घेतो.

गुरुवारी बोरा असा सुटला होता की माणसं भिंती धरून आली. नेव्हिओनं नाक वर केलं, कडं दोन खुणा डावीकडे घेतलं, कॉफी दाबली, खटका ओढला. सिन्योरा म्हणाली, पंचवीस.

एडविननं कडं पुसलं, जसं काही त्या कड्याला खरूज झाली होती. मग स्वतःच्या हिशेबानं फिरवलं. तो कॉफी दाबायला वाकला, तेवढ्यात नेव्हिओ तीन वर्षांत पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलला.

"हळू दाब. बाप मुळ्याच्या जुड्या विकायचा ना तुझा? ही जुडी नाही."

एडविननं मान वर केली नाही. सगळा भार मनगटावर टाकून त्यानं कॉफी दाबली. थेंब पडायलाच दहा सेकंद गेले. छत्तीस.

त्यानं एप्रन काढला, त्याची नीट घडी घातली आणि कॉफीच्या चोथ्याच्या डब्यात टाकली. दारातून म्हणाला, "आता कुणाच्या नावानं बोंबलणार आहेस, तेही बघून ठेव."

नेव्हिओनं पुढचे तीन दिवस फार सुखात काढले. सोमवारी कॉफी एकोणीस सेकंदांत उतरली. त्यानं कडं डावीकडे घेतलं. अठरा. आणखी डावीकडे. वीस. एडविनकडे दुसरी किल्ली आहे, याबद्दल त्याची खात्री पटली. त्यानं सिन्योराला कुलूप बदलायला लावलं. मंगळवारी तीस सेकंद लागले. बुधवारी त्यानं कड्यावर एक केस चिकटवून ठेवला. गुरुवारी केस जागेवर होता आणि कॉफी सतरा सेकंदांत उतरली. भाचीकडे तो जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागला, तेव्हा सिन्योरानं मेस्त्री बोलावला.

मेस्त्री तूल्योनं चक्की उघडली, कडं गरागरा फिरवलं आणि आत बॅटरी मारली.

"कडं फिरतंय," तो म्हणाला. "पातं हलत नाहीये. दोघांना जोडणारी खुंटीच नाही आत. पाती बदलली तेव्हापासून नसणार. कुणी बदलली होती?"

हाताला काहीतरी काम हवं म्हणून नेव्हिओ वाफेच्या नळीची भोकं साफ करायला लागला.

तूल्यो थोडा वेळ त्याच्या हाताकडे बघत राहिला.

"दे इकडे," तो म्हणाला.

खुंटी बरोबर बसली.