सामाईक पातळी

झांबियातल्या कितवेच्या तांब्याच्या खाणीत सुरुंगाचा धूर निवळला की नाही, हे एनकांदूचा प्रोग्राम सांगायचा. कोणत्या पातळीची हवा तपासायची, तो आकडा तिनं ग्लोबल ठेवला होता, सगळ्या फंक्शनांना सामाईक. "ज्या फंक्शनला हवा त्याच्या हाती दर वेळी नीट सोपवावा गं," असं वरिष्ठ बाईंनी बजावलं होतं. एनकांदूला तो फुकटचा व्याप वाटला. बारभाईची शेती म्हणतात ती हीच. पण एकाच पातळीवर काम होतं तोवर कोणाचं काही अडलं नाही.

धाकटा दीर कबासो तिथंच खाणकामगार. "वहिनी, दादापेक्षा तुझ्या पडद्याचं जास्त ऐकतो मी," म्हणून चिडवायचा. सोमवारी बाराव्या पातळीबरोबर नवव्या पातळीवरही सुरुंग उडाले. पडदा 'सुरक्षित' म्हणाला, कबासो बारावीवर उतरला आणि विषारी धुरात गुदमरून मेला.

"मी बाराच दाबले होते," म्हातारे नियंत्रक चितालू, तिथल्या रीतीनं सगळ्यांचे 'बा' चितालू, चौकशीत पुन्हा पुन्हा सांगत होते.

"डोळे फुटले होते का तुझे, म्हाताऱ्या?" एनकांदूचा नवरा चिलेशे ओरडला. "नऊ दाबलेस आणि माझा भाऊ खाल्लास! तुला तुरुंगात सडवतो की नाही बघ."

प्रोग्राम वाचता येणारी तिथं एनकांदू एकटीच. गप्प बसली असती तर म्हातारा आत गेला असता आणि हिचा संसार शाबूत राहिला असता. तिला गप्पच बसायचं होतं, खोटं कशाला बोला. पण बा चितालू पुन्हा 'बाराच दाबले' म्हणू लागले, ते तिला ऐकवेना.

तिनं सगळ्यांदेखत बारा टाकले. हवेचं माप यायला वेळ लागतो. तेवढ्यात शेजारच्या यंत्रावर तिनं नऊ टाकले. सामाईक आकडा नऊ झाला, आणि बारावीच्या पडद्यावर नववीचं उत्तर येऊन बसलं: सुरक्षित.

"यांनी बरोबरच विचारलं होतं," ती म्हणाली. "उत्तर दुसरीकडचं आलं. मीच लिहिलंय तसं."

चिलेशेनं पडद्यावरचं उत्तर स्वतः वाचलं. मग त्यानं म्हाताऱ्यासमोर गुडघे टेकले आणि तिकडच्या रीतीनं हलक्या टाळ्या वाजवून माफी मागितली. "चुकलो, बा चितालू. मातीला उशीर होतोय. आमच्याच गाडीतून चला."

एनकांदूही उठली.

"तू नको येऊस, साम्पाची आई," तो लेकराच्या नावानं हाक मारत हळू आवाजात म्हणाला. "तिथं माझी आई बसलीय. तुला कुठं बसवू?"