अकरावा सूर

बाबांनी आतल्या खोलीत दहा मिनिटं वाजवून आणलेल्या ट्रंपेटचा माउथपीस थंड होता. मी आधी बोट लावून पाहिलं, मग ओठ. पाणी काढायची झडप दाबली, तर एक थेंबही पडला नाही. श्वासाची वाफ पितळात गार होते आणि पाणी साचतंच. प्रयोगशाळेत दिवसभर मी असल्याच नोंदी करते, त्यामुळे याकडे काणाडोळा करता येईना.

कारखान्याच्या बँडमध्ये ट्रंपेटच्या पहिल्या खुर्चीवर, म्हणजे मुख्य वादक, बाबा; मी तिसऱ्या. वर्धापनदिनाच्या सोलोत एक जलद ओळ आहे. तिथे नुसत्या ‘तु’ने जीभ पुरी पडत नाही, टोकाने ‘तु’, मागच्या भागाने ‘कु’, असं आळीपाळीने मारावं लागतं. तीन महिने बाबा मला फक्त ‘कु’ घोटायला लावत होते. ‘कु’ मात्र ते समोर बसून वाजवून दाखवत. ‘कु’ लंगडा आहे तोवर पुढे जायचं नाही, एवढंच म्हणत. आई म्हणायची, याच्यापेक्षा कबुतरं पाळली असती तर ती दुपारी गप्प तरी बसली असती.

सोलो कोण वाजवणार हे बँडमास्तरांना शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. दोन महिने बाबांचं उत्तर एकच: बघू.

माझ्या मनात पाल चुकचुकली. यांना खुर्ची सोडायची नाही आणि तसं म्हणायचंही नाही, म्हणून मला रखडवतायत. शिवाय ती जलद ओळ दाखवायची वेळ आली की ते आत जाऊन दार लावून घेत. जीभ बघून काही कळत नाही, कानाने घे, म्हणत. ओळ मात्र अशी यायची की माझा राग अर्ध्यावर विरायचा.

थंड माउथपीसनंतर मी मोबाइलवर ती ओळ टिपू लागले. पाच दिवस, पाच वेळा. अकरावा सूर पाचही वेळा किंचित उशिरा, आणि सोळाव्यानंतर तोच छोटा श्वास. माणूस तीच चूक पुन्हा करतो, पण इतकी मोजूनमापून नाही.

आईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “तुझ्या बाबांचं त्यांनाच विचार,” म्हणाली, आणि घातलेली घडी उलगडून पुन्हा घातली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. आता संशय दोघांवर.

गुरुवारी संध्याकाळी बाबा आत गेल्यावर मी दाराबाहेरून म्हटलं, “बाबा, आज निम्म्या लयीत दाखवा.”

आतून तीच ओळ आली, त्याच वेगात. अकरावा सूर मागे पडला तशी मी दार ढकललं.

बाबा खुर्चीत बसले होते, ट्रंपेट मांडीवर. शेजारी जुना टेपरेकॉर्डर फिरत होता. त्यांनी ओळ संपू दिली आणि मग तो बंद केला.

“तरुणपणीचं आहे,” ते म्हणाले. “तेव्हाही अकरावा मागेच पडायचा.”

वरचे पुढचे दात नवे बसवल्यापासून ‘तु’ कुठे टेकवायचा तेच त्यांच्या जिभेला उमगत नव्हतं. तालमीत ते नुसती बोटं हलवत आणि दुसऱ्या खुर्चीवरचा जाड्या सांभाळून घेई. ‘कु’ दातांना लागत नाही. तेवढाच त्यांना अजून स्वतः वाजवून दाखवता येत होता.

“मला फसवलंत.”

“तू काय कमी आहेस? मी बाजारात गेलो की कपाटाकडे तोंड करून ती ओळ वाजवतेस. जिन्यापर्यंत येते.” त्यांनी ट्रंपेट माझ्या हातात दिली. “आता माझ्याकडे तोंड करून वाजव.”

मी वाजवली. अकरावा सूर वेळेवर आला. बाबांनी टेपरेकॉर्डरमधली कॅसेट काढून ठेवली. मग त्यांनी फोन उचलला.

“मास्तर, नाव लिहून घ्या. सोलो माझी मुलगी वाजवेल. आणि पहिली खुर्ची मी सोडतोय.”