वरची ओंजळ

अंबूबाईला मिशनच्या बंगल्यावर एकोणीस वर्षं झाली होती. आधी तिनं तिथली भांडी घासली, मग गावोगाव हिंडून बायांना येशूच्या गोष्टी सांगणारी बायबलबाई झाली. तीन रुपयांवरून नऊ रुपयांवर यायला तिला एवढी सगळी वर्षं लागली. दुसरी बायबलबाई म्हणून रुख्मिणी आली ती दसऱ्याला. दिवाळी सरली, तिचा पहिला पगार झाला, आणि मिशन चालवणाऱ्या मडमेनं तिच्याही हातावर नऊच रुपये ठेवले.

त्या दिवसापासून अंबूबाईचा जीव जळायला लागला. रुख्मिणी विधवा, पदरात दोन पोरी, स्वभावानं गरीब. राग यावा असं तिच्यात काही नव्हतं, आणि त्याचाही अंबूबाईला रागच यायचा. रुख्मिणीला वाचता येत होतं, एवढंच काय ते. अंबूबाईच्या डोळ्यांत अक्षर कधी उतरलं नाही, पण ऐकून ऐकून अर्धं पुस्तक तिला तोंडपाठ होतं. त्यासाठी तिनं टाचा फुटेस्तोवर चिखली तालुक्यातले सगळे रस्ते तुडवले होते, शिव्या खाल्ल्या होत्या, एका गावात तर लोकांनी अंगावर कुत्री सोडली होती. आता प्रार्थनेला डोळे मिटले की तिला देवाऐवजी रुख्मिणीच्या हातावरचे नऊ रुपये दिसत.

शेवटी एका रविवारी उपासना आटोपल्यावर ती मडमेकडे गेली आणि खालच्या मानेनं म्हणाली की रुख्मिणी पुस्तकात नसलेलं वाचते. धडधडीत खोटं होतं ते. मडम फारसं बोलली नाही, एखाद्या दिवशी येऊन ऐकीन म्हणाली. पुस्तकात पदरची भर घालणाऱ्या बाईला मिशन एक दिवस ठेवून घेत नसे, हे अंबूबाईला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी घरी येऊन ती पोटभर जेवली.

चार दिवसांनी दोघी अमडापूरच्या शिवारात गेल्या. कापूस वेचायचे दिवस होते. दुपारी बाया भाकर खाऊन लिंबाखाली टेकल्या होत्या. अंबूबाईला पाहून त्यांनी वेचणीची गोष्ट मागितली.

ही गोष्ट मुळात द्राक्षाच्या मळ्याची. पण द्राक्षं इथं कुणी पाहिली? म्हणून अंबूबाईनं फार पूर्वीच त्यांचा कापूस करून टाकला होता. मालक पहाटे बाया आणतो, दुपारी आणखी आणतो, दिवस बुडता बुडता आणखी काही आणतो, आणि संध्याकाळी मजुरी म्हणून सगळ्यांना कापसाचा सारखाच वाटा देतो. पहिल्यांदा सांगितली तेव्हा बाया तिला हसल्या होत्या. वेचणीचा वाटा जिच्या तिच्या ढिगावर पडतो. जी उशिरा आली तिचा ढीग लहान, म्हणून वाटाही लहान. असल्या मालकाच्या वावरात दुसऱ्या दिवशी पहाटे कोण जाईल, असं त्यांनी तिलाच विचारलं. तेव्हा अंबूबाईनं आपल्या मनानं शेवटी एक ओंजळ घातली: पहाटेपासून राबलेल्या बायांच्या वाट्यावर मालकानं वरून ओंजळ-ओंजळ कापूस टाकला. बाया खूश झाल्या. सुरुवातीला ती घरी येऊन त्याबद्दल देवाची माफी मागायची. पुढे तेही सुटलं.

आज रुख्मिणीकडे बघत बघत तिनं एका ओंजळीच्या दोन केल्या.

वेचणाऱ्या बायांत गौसिया म्हणून एक चौकस बाई होती. तिनं ते बरोबर पकडलं. "मागच्या साली तं एकच ओंजळ होती," ती रुख्मिणीला म्हणाली. "तुले वाचता येते नं? पाह्य बरं, पुस्तकात किती हायेत."

रुख्मिणीनं पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि एकदा वर पाहिलं. आता ही आपल्याला सगळ्यांदेखत खोटं पाडणार, असं अंबूबाईनं धरूनच चाललं. तिच्या जागी आपण असतो तर पाडलंच असतं, हे तिला लख्ख कळलं. रुख्मिणीनं मान खाली घातली आणि सावकाश वाचून दाखवलं की मालकानं पहाटेच्या बायांना दोन ओंजळी जास्त दिल्या.

"हे कोठे लिहिले आहे?"

मडम वावराच्या बांधाशी, धुऱ्यावर उभी होती. बैलांची दमणी रस्त्यावर सोडून ती वावरातून पायी आली होती, आणि ऐकण्याच्या नादात कुणाचं तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. रुख्मिणीचं बोट ओळीवरच राहिलं. मडमेनं अंबूबाईला विचारलं, "तुम्ही मला सांगितले होते, ते हेच ना?"

रुख्मिणीनं अंबूबाईकडे पाहिलं. मडमेचे कान कुणी भरले ते तिला कळलं.

अंबूबाईनं नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिनं रचलेलं खोटं चार दिवसांत खरं होऊन समोर उभं होतं. एक शब्द, की रुख्मिणी उद्या पोरींना घेऊन बाहेर. तो शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता, आणि तो म्हणावा असं तिला मनापासून वाटत होतं. पण रुख्मिणीचं बोट अजून त्या ओळीवरच होतं.

"ओंजळ माही हाय, मडम," ती म्हणाली. "एक बी आन् दुसरी बी. मी तुमच्यापाशी खोटं बोलली. हे पोरगी मले झाकून राह्यली. पुस्तकात सगळ्याइले सारखंच हाय."

मडम काही बोलायच्या आत गौसियानं विचारलं, "मंग जे पहाटपासून राबली, तिले जास्तीचं काहीच नाही?"

"काहीच नाही."

"तिनं मालकाले काही म्हटलं नाही काय?"

"म्हटलं नं. मालक म्हणे, ठरलं होतं थे तुले भेटलं. मी माह्या मर्जीनं दुसरीले देतो, तं तुह्या पोटात काऊन दुखते?"

अंबूबाईनं एकदा रुख्मिणीकडे पाहिलं.

"आन् मंग?" गौसिया म्हणाली. "तिनं काय जवाब देला?"

पुस्तकात तिचा जवाब नाही. गोष्ट मालकाच्या त्या बोलण्यावरच संपते. या वेळी अंबूबाईनं पदरची भर घातली नाही.