शेवटचा तांब्या गार पाण्याचा

सोलापुरात एप्रिल महिन्यात गार पाण्यानं केस धुवायचे म्हणणारी बाई एक तर येडी असंल, न्हायतर आमची सून. हितं सकाळी धाला नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीतनं असं पाणी येतं, त्यात चहापत्ती टाकून पाव्हण्याला कप द्यावा. आन् ही म्हणती, "आत्या, डोकं धुतलं की शेवटचा तांब्या गार पाण्याचा घ्यायचा. केस मजबूत होतात."

"कुणी सांगितलं?"

"मोबाइलमध्ये एक बाई रोज सांगते."

ती बाई महाबळेश्वरात ऱ्हात असंल, दुसरं काय!

आमच्यात सासूला आत्या म्हणतात. मी गोजरबाई. लग्न करून भवानी पेठेत आली ती हितलीच झाली. घरी मशीनवर टॉवेलाच्या कडा मारती. मालकांचं, म्हणजे कुंडलिकरावांचं, चादरी-टॉवेलांचं दुकान हाय. पोरगा अभिमन्यू होटगीला रेल्वेत. सून रेश्मा, आन् नातू चार महिन्यांचा. एवढंच घर, पण ह्या उन्हाळ्यात केसांपायी त्याची पार दाणादाण झाली.

नातू तीन महिन्यांचा झाला आन् रेश्माचे केस गळायला लागले. थोडेथोडके न्हाय, मूठमूठ. फणीत केस, उशीवर केस, एकदा भाकरीत बी निघाला. लग्नात तिची वेणी कंबरेखाली हुती. गल्लीतल्या बायका नवरीचं तोंड सोडून वेणीच बघत हुत्या. आता त्या वेणीचं शेपूट झालं. पोरगी आरशाम्होरं उभी ऱ्हायची, भांगावर बोट फिरवायची आन् गप ओढणीनं डोळं पुसायची. तिला जवळ घ्यावं वाटायचं. पण माझी जीभ मेली सरळ कवा चाललीय!

"बाळंतिणीनं डोक्यावर गार पाणी घ्यायचं न्हाय. कानात वारं जातं."

"आत्या, चार महिने झाले. मी आता कसली बाळंतीण?"

"सहा महिने म्हणजे सहा महिने!"

एकदा चांगल्या शब्दात बी सांगून बघितलं. म्हणलं, "अगं, माझे बी असेच गळाले हुते अभ्याच्या येळेला. परत आले आपोआप." तर माझ्या डोक्याकडं बघून हसली. "तुमचे? गळाले? आत्या, समजूत घालायची तर जरा पटेल असं तरी बोला."

आन् पटणार कसं? माझा आंबाडा भवानी पेठेत गाजलेला. शेजारची नीलम्मा तर कुणी पाव्हणी आली की मला हाक मारून उलटं फिरवून दावती. "बघा गोजरक्काचा आंबाडा! ह्या वयात!"

आता तुमाला म्हणून सांगती. तो आंबाडा माझा न्हाय.

गंगावन हाय. अभ्या झाला, केस गेले, तवा मी गड्ड्याच्या जत्रेत जाऊन बांगड्यांच्या दुकानातनं दुसऱ्याच कुणाचे तरी केस इकत आणले. आकडे लावून घट्ट बसवले. सहा महिन्यांत माझे केस परत उगवले, खोटं न्हाय सांगत. पण तवर गल्लीभर आंबाड्याचं नाव झालं हुतं, आन् मला बी लई ग्वाड वाटायला लागलं हुतं. काढू काढू म्हणत ऱ्हायलं. रोज ताणून बांधायचं, रोज आकडे खुपसायचे. उगवलेले केस त्यानं मुळासकट गेले. देवानं परत दिले ते मी माझ्या हातानं घालवले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तीस वर्षं झाकून बसली. न्हाणीला कडी घालून न्हायची आन् आंबाडा बांधूनच भाईर यायची.

तर रेश्मा ऐकती व्हय! बाजारातनं एक लहान माठ आणला, आन् मला दिसू नये म्हणून माळवदाच्या खोलीत, टॉवेलांच्या गठ्ठ्यामागं, ओलं फडकं गुंडाळून ठिवला. आठवडाभर पाणी निवत ठिवायचं, त्यात मूठभर मेथी टाकायची, आन् शनिवारी मी मशीनवर बसली की न्हाणीत न्यायचं. मला पहिल्याच दिवशी कळलं. गठ्ठे माझे, मला कळणार न्हाय का? पण म्हणलं जाऊ दे, नसत्या कटकटी कशाला. कधी न्हाई ते मी गप बसली.

आन् त्याचंच खापर माझ्या डोक्यावर फुटलं. तिसऱ्या शनिवारी रेश्मा रिकामा हुत आलेला माठ घिऊन माझ्याम्होरं उभी. डोक्याला शिकेकाईचा फेस तसाच.

"आत्या, दर वेळी अर्धा माठ रिकामा असतो. आज तर तळाला तांब्याभर उरलंय. तुम्हाला माझं पटत नाही तर तोंडावर सांगा. असं लपून पाणी कशाला ओतता?"

"मी? मी कशाला ओतू?"

"मग काय माठ पितो पाणी? जाऊ दे. तुम्हाला काय कळणार केस गेल्याचं दुःख!"

मला! मशीनवरचा माझा पाय थांबला. तोंडात आलेली शिवी मी कशीबशी गिळली. तवर ती म्हणली, "उद्या बाळाचं जावळ आहे. माझ्या माहेरची सगळी येणार. हे डोकं घेऊन मी त्यांच्यासमोर नाही जायची. दुपारी पार्लरमध्ये चालले. तिथं दुसरे केस लावून देतात. घट्ट बसतात, कुणाला कळत नाही. मग रोजच लावत जाईन."

कुणाला कळत न्हाय. रोजच लावत जाईन. माझेच शब्द, तीस वर्षांपूर्वीचे. ती पंचवीस वर्षांची पोरगी, हिचे बी उगवणार आन् ही बी ते मुळासकट घालवणार, आन् म्हातारपणी कडी लावून न्हात बसणार.

उठली आन् तिच्या दंडाला धरलं. "चल न्हाणीत."

"आत्या, बाळ..."

"झोपलंय. चल म्हणती न्हवं!"

माठासकट आत नेली, कडी लावली. घाईत आकडेच निघंनात. एकदा वाटलं, सोड गोजरे, भाईर जा, उगं कशाला. मग डोळं मिटले, एकेक आकडा काढला आन् ते धूड तिच्या हातात दिलं.

रेश्मा केवढ्यांदा किंचाळली! "अगं आई गं! मांजर!"

"मांजर न्हाय. तुझ्या सासूची अब्रू हाय ती. नीट धर."

ती एकदा हातातल्या गंगावनाकडं बघती, एकदा माझ्या डोक्याकडं. माझ्या डोक्यावर काय उरलं हुतं? कानाशी चार बटा आन् मागं आंबाडा बसायचा तिथं उघडा माळ. मी तिला सगळं सांगितलं. गड्ड्यापासनं सगळं. म्हणलं, "तुझे येतील गं. माझे आले हुते. पण दुसऱ्याचे केस ताणून बांधू नको. मी केलं ते तू करू नको."

मला वाटलं हसंल. हसली बी, आधी थोडी, मग पोट धरून, आन् हसता हसता रडायला लागली. मी बी तेच करत हुती. मग तिनं हात म्होरं केला. मी झटकन मान मागं घेतली. सवयच तशी.

"आत्या, खाली वाका," ती म्हणली.

माठातला तो तळाचा एकच तांब्या. तिच्या डोक्याला फेस, तरी तिनं तो माझ्या डोक्यावर धरला. हळूहळू, बोटं फिरवत ओतला. मेथीचा वास आला. आन् काय गार हुतं ते पाणी! डोळं मिटून बसली आन् ध्यानात आलं, तीस वर्षांत माझ्या डोक्याला कुणी हातच लावला न्हवता. मीच लावू दिला न्हवता. नवऱ्याला न्हाय, पोराला न्हाय. मी त्या पोरीच्या हाताखाली ल्हान लेकरासारखी रडली.

तेवढ्यात दारावर थाप. मालक.

"अगं, गठ्ठ्यामागचा माझा माठ कुटं गेला?"

"तुमचा माठ?"

"व्हय की. रोज दुपारी त्यातलंच पितो मी. सूनबाईनं मेथी टाकलीय त्यात, पोट लई साफ हुतंय."

रेश्मानं कपाळाला हात लावला. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून तणतणत भाईर आली. मालकांनी टॉवेलाकडं बघितलं, रेश्माच्या हातातल्या गंगावनाकडं बघितलं, आन् म्हणले, "काढलंस व्हय शेवटी? बरं झालं. गड्ड्यावर घेतलंस तवा मी मागंच भजी खात उभा हुतो." असला घुम्या माणूस! तीस वर्षं बोलला न्हाय! माठ पिऊन टाकल्याबद्दल सोडून देणार हुती, आता त्याचे बी धा शब्द जास्त ऐकवले.

रेश्मा पार्लरला गेली न्हाय.

दुसऱ्या दिवशी जावळाला अंगण भरलं. नातू मामाच्या मांडीवर, न्हावी समोर. रेश्मा आपली तेवढीशी वेणी घालून आली. तिच्या मावशीनं "अगं, केसांना काय झालं?" म्हणून इचारलंच. ती म्हणली, "गळाले. येतील." आन् तिच्या मागनं मी आली, माझ्या सोताच्या केसांचा लिंबाएवढा आंबाडा घालून. सगळ्यांच्या माना वळल्या. न्हाव्याचा हात बी थांबला. मी म्हणलं, "बघता काय? पोराचं करा!"

नीलम्मा गर्दीतनं वाट काढत सरळ माझ्याकडं आली. मी पदर खोचला. म्हणलं, आता ही तोंड उघडंल आन् गल्लीभर दवंडी. उत्तर तयारच ठिवलं हुतं. पण तिनं इकडं तिकडं बघितलं, माझ्या कानाशी तोंड आणलं आन् लई बारीक आवाजात म्हणली, "गोजरक्का, तुझं ते रिकामं झालं असंल तर मला दे की. माझं लई जुनं झालंय."

मी तिच्या डोक्याकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

म्हणलं, "देत न्हाय. शनिवारी आमच्या न्हाणीत ये. मोठा माठ आणलाय."