अंड्यांवर बसलेला बाप

मी एक कमळपक्षी आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं नुसतं भणाणून गेलं आहे. ऐका, आणि तुम्हीच काय ते सांगा.

माझा जन्म पोंभुर्ण्याजवळच्या एका तलावातला. पांढरे पंख, सोनेरी मान आणि ही लांबलचक शेपटी! बोटं तर इतकी लांब, की कमळाच्या पानांवरून मी ऐटीत चालतो. लोक तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, थांबून बघतात. बरं वाटतं!

पाऊस लागला तशी ती आली. माझ्याहून थोराड. आमची जोडी जमली, तिनं पानांच्या गादीवर चार अंडी घातली आणि गेली! कुठे? पलीकडच्या काठाला, दुसऱ्याकडे. अंड्यांवर मी बसलो. आमच्यात बापच बसतो. मला वाटायचं, साऱ्या जगात असंच असतं.

पण इथं मासे धरणाऱ्या ढिवरांची डिंपल पाळीवर बसून मोठ्यानं धडा वाचते ना! "सारसाची जोडी जन्मभराची. झेब्र्याच्या कुटुंबात एक नर आणि बऱ्याच माद्या, वर्षानुवर्षं एकत्र." मी ऐकतच राहिलो. मी सारसासारखा नाही, झेब्र्यासारखाही नाही. मग मी टाकलेला आहे, की असाच असायला हवा?

त्यात तलावात मासळीचं बीज सोडायचे दिवस आले. त्याआधी वेली उपटून पाणी मोकळं करतात. डिंपलचे बाबा, इस्तारी, डोंगा, म्हणजे छोटी होडी, घेऊन निघाले. त्यांचा बांबू माझ्या घरट्यापाशी आला. मी हललो नाही.

डोंग्यातल्या गोकुळाबाई, डिंपलची आई, ओरडल्या, "थांबा जी! माय बसून हाये अंड्यावर. अन् बाप पाहा, तिकडं दुसरीसंगं फिरून राह्यला! तुमच्यासारखाच, घरी पाय टिकत नाई."

"मले काऊन मधात घेतं?" इस्तारी हसले. "चाल, मायले बापापाशी नेऊन देऊ. संसार एका जागी पायजे."

मला माय आणि तिला बाप समजून किती मायेनं बोलले! आणि अंड्यांसकट माझी गादी ओढत पलीकडे नेली. मी वर ओरडत घिरट्या घालत होतो.

तिकडे तिचा दुसरा जोडीदार स्वतःच्या अंड्यांवर बसलेला! तो सरळ माझ्या अंगावर आला. चोची, पंख, नुसतं पाणीच पाणी! गादी कलली. एक अंडं बुडालं. ती कधी त्याच्याकडे धावे, कधी माझ्याकडे. कोणाची बाजू घेत होती, देव जाणे.

"बाबा!" पाळीवरून डिंपल ओरडली. "तो बी अंड्यावरच बसला होता! थे मोठी दोघाइकडं जाते, थेच माय हाये. हे दोघं बी बाप हायेत. झेब्र्याच्या उलटं!"

"बाप काऊन बसन अंड्यावर?"

"माय बसते तवा कोणी इचारते का?" गोकुळाबाई म्हणाल्या. "वापस न्या आधी!"

गादी परत आली. भोवतीची पानं इस्तारींनी तशीच ठेवली. अंडी गार पडली होती. त्यांत जीव उरला असेल का? काही कळेना. तरी रोज बसत राहिलो.

आज सकाळी ती आली, माझ्याकडे बघितलं आणि उडून गेली. ती माझी आहे का? मला अजून कळत नाही, मित्रांनो. तुम्ही तलाव खुशाल साफ करा, पण कोणी बसलं असेल तेवढी पानं राहू द्या. आणि आमचा संसार तुमच्यासारखा मांडून द्यायला येऊ नका.

थांबा! पंखाखाली काहीतरी टकटक करतंय.